अंडरग्राउंड टेक्नो शोधायचं कसं आणि पुढे पाठवायचं कसं

टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा एक प्रकार, ऐकायला ॲपच्या ऑटोप्लेवर बसलात तर तेच तेच फिरत राहतं, म्हणून आधी लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) पकडा, कलाकार नंतर. समजा डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या लेबलचा एखादा ट्रॅक आवडला, तर डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती ठेवणाऱ्या साइटवर त्या रेकॉर्डचं पान उघडून लेबलच्या नावावर क्लिक करायचं, सगळी यादी कॅटलॉग नंबरसकट (लेबलने रेकॉर्डला दिलेला नंबर) समोर येते, मग मागचे-पुढचे नंबर ऐकत सुटायचं. क्रेडिट्सही वाचा, मास्टरिंग (रेकॉर्ड निघण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) कोणी केलं ते बघून त्याच्या नावावरून अजून दहा लेबलं सापडतात. किती जणांकडे आहे, किती जणांना हवीय हे आकडेही दिसतात, पण हवीयवाले जास्त म्हणजे रेकॉर्ड भारीच असं काही नसतं हां, कॉपीच कमी निघाल्या असतील.

नव्या मालासाठी बर्लिनचं हार्ड वॅक्स, १९८९ पासूनचं दुकान, साइटवर प्रत्येक रेकॉर्डबद्दल जेमतेम एक ओळ असते आणि क्लिप ऐकता येतात.

खरी मजा बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आणि लेबलं जिथे थेट आपलं संगीत विकतात त्या साइटवर. अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो दिसतात, एकावर क्लिक केलं की त्याचं अख्खं कलेक्शन उघडतं, आवड जुळली की फॉलो करून टाका.

शेअर करताना नुसती लिंक फेकू नका यार, कोण उघडतंय! लेबल, कॅटलॉग नंबर आणि 'बी साइडचा दुसरा ट्रॅक, बेस येतो तिथून ऐक' एवढं तरी लिहा. आणि एमपीथ्री ग्रुपवर टाकण्यापेक्षा बँडकॅम्पचीच लिंक द्या, छोट्या लेबलची पुढची रेकॉर्ड त्याच पैशातून निघते.