समुद्राची हस्तकला आणि चित्रपुस्तके : लहान मुलांबरोबर काम करताना या चुका टाळा

बालवर्गात ‘समुद्र’ हा विषय सुरू झाला की निळा घोटीव कागद, कागदी ताटल्या, फिरते डोळे आणि चमकी यांची खरेदी आधी होते, आणि मुलांना नेमके काय दाखवायचे याचा विचार नंतर होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर मी हा विषय अनेक वर्षे घेत आले आहे. या कामातल्या बहुतेक चुका कात्री-डिंकाच्या नसतात, असे माझे मत बनले आहे. मुलाने खरी वस्तू पाहण्याआधीच आपण तिचा ठरीव साचा त्याच्या हातात देतो, आणि पुढचे सगळे तिथूनच बिघडते.

साचा आधी आणि मासा नंतर

एका वर्षी मी लिंबाच्या आकाराचे अंग आणि मागे त्रिकोणी शेपूट असे वीस मासे कापून ठेवले होते. ज्याचे वडील होडीवर जातात अशा एका मुलाने तो कागद हातात घेऊन विचारले, “बाई, हा कुठला?” मी म्हणाले, “मासा.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “पण कुठला मासा?” त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पापलेट, एक बांगडा आणि एक बोंबील आणून मी ताटात बर्फावर मांडले. पापलेट शंकरपाळ्यासारखे चौकोनी आणि चपटे असते, त्याचे तोंड अगदी लहान असते, आणि बोट फिरवले की त्याची चंदेरी खवले बोटाला चिकटतात. बांगड्याच्या पाठीवर हिरवट-निळी झाक आणि काळसर रेघा असतात. बोंबील मऊ आणि लिबलिबीत असतो, पण त्याचा जबडा मोठा आणि दात बारीक असतात. हे सगळे मुलांनीच एकमेकांना सांगितले. त्यानंतर काढलेल्या चित्रांत एकही मासा दुसऱ्यासारखा नव्हता. चंदेरी पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे हे त्याच दिवशी सांगितले, आणि ज्याला आपण हात लावला त्याचा हा मान आहे हे मुलांना फार आवडले.

खरा मासा वर्गात आणायचा असेल तर पालकांना आदल्या दिवशी कळवावे. काही घरांत मासे चालत नाहीत आणि काही मुलांना माशांची ॲलर्जी असते. त्यांच्यासाठी मोठे, स्पष्ट छायाचित्र पुरते. ताट अर्ध्या तासात उचलावे आणि सर्वांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत.

पायांची मोजणी आणि शेपटीची दिशा

दोन्ही तळव्यांचे ठसे जोडून खेकडा करण्याची कृती सर्वत्र दिसते. अंगठे वर येऊन डोळे होतात, उरलेली आठ बोटे पाय होतात, आणि सगळे इथेच थांबतात. खेकड्याला चालण्याचे आठ पाय आणि पुढे दोन नांग्या असे एकूण दहा अवयव असतात, त्यामुळे नांग्या वेगळ्या काढून चिकटवाव्याच लागतात. ज्या मुलाने घरी चिंबोरी पाहिली आहे, त्याला नांग्या नसलेला खेकडा खेकडा वाटतच नाही. ऑक्टोपसला आठ भुजा असतात, तर माकुलाला, म्हणजे स्क्विडला, आठ भुजा आणि शिवाय दोन लांब शुंडा असतात. लोकरीच्या वेण्या लावताना हे मुलांनी मोजून पाहावे.

डॉल्फिन आणि देवमासा करताना शेपूट हमखास चुकते. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपूट आडवी असते आणि वर-खाली हलते. कागद उभा दुमडून एक आणि आडवा दुमडून एक अशी दोन शेपटे करून ती हवेत हलवायला दिली, तर हा फरक मुलांच्या हातालाच कळतो. देवमाशाच्या डोक्यावर नळासारखे पाण्याचे कारंजे चिकटवण्याची सवयही सोडावी. तो त्याचा उच्छ्वास असतो. उबदार, दमट हवा बाहेर पडून तिचे बारीक तुषार दिसतात. थंडीतल्या सकाळी आपल्या तोंडातून निघणारी वाफ आठवायला सांगितली की मुलांना ते लगेच पटते.

समुद्री कासवाला नखे असलेले चार गोल पाय आणि कवचात शिरणारे डोके दाखवणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक आहे. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात आणि त्याला डोके कवचात ओढून घेता येत नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्राकडे जाताना पाहता येतात. ती पिल्ले हिरवीगार नसून काळपट राखाडी असतात. शक्य असेल त्यांनी मुलांना तिथे नक्की न्यावे.

येथे आपली भाषाच मुलांना फसवते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, आणि जेलीफिशच्या नावात ‘फिश’ असले तरी तीही मासा नाही. ही नावे बदलण्याची गरज नाही. मात्र ‘हा श्वास कसा घेतो, याला कणा आहे का?’ असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

समुद्र निळाच असला पाहिजे हा आग्रह

पावसाळ्यातला आपला समुद्र गढूळ, मातकट असतो आणि त्यावर पांढरा फेस असतो. मुलाने तपकिरी समुद्र रंगवला तर तो पुसून निळा करायला लावू नये. त्याने खिडकीतून जे पाहिले तेच तो रंगवत असतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत झापांखाली झाकलेली होडी हाच हस्तकलेचा सर्वात खरा विषय आहे.

काम बिघडते तेव्हा

मेणखडूने मासे काढून वर निळा हात फिरवला आणि मासे दिसेनासे झाले, तर रंग जाड आहे असे समजावे. पोस्टर कलर मेणालाही झाकून टाकतो, त्यामुळे जलरंग पातळ करूनच वापरावा. खडू हलक्या हाताने फिरवला असेल तरीही मासे उमटत नाहीत. लाटांच्या फेसासाठी पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा उत्तम चालतो. कागद वळत असेल तर तो पातळ आहे. जाड ड्रॉइंग पेपर घेऊन चारही बाजूंनी कागदी टेपने पाटीवर चिकटवावा आणि वाळल्यावरच काढावा.

कागदी ताटलीवर रंग धरत नाही याचे कारण तिच्यावरचा चकचकीत थर असतो. ताटली उलटी करावी किंवा रंगात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत. कागदाला सुरकुत्या पडतात त्या फेविकॉल जास्त झाल्यामुळे. बाटली मुलांच्या हाती न देता झाकणात थोडासा काढून ब्रशने लावायला द्यावा. मैद्याची खळ घरी करणे सर्वात चांगले, पण पुस्तकबांधणीच्या खळीत घालतात तसे मोरचूद तिच्यात कधीही घालू नये, कारण ते विषारी असते. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते आणि लहान मुलांच्या कामाला तेवढे पुरते.

भेंडी आडवी कापली की तिच्या कापात बहुधा पाच टोकांची चांदणी दिसते, आणि तिचा ठसा म्हणजे तयार तारामासा. ठसा पसरत असेल तर भेंडीचा चिकटपणा कापडाने टिपून घ्यावा आणि रंग वाटीत न ठेवता ओल्या स्पंजावर पसरावा.

बाटलीतला समुद्र करताना पाण्यात निळा खाण्याचा रंग आणि वर तेल घालतात. थर वेगळे न होता पाणी दुधाळ दिसत असेल, तर बाटलीत साबणाचा अंश राहिलेला असतो. ती गरम पाण्याने स्वच्छ धुऊन पुन्हा भरावी. रंग तेलात मिसळत नाही म्हणून घाबरू नये, तो फक्त पाण्यातच विरघळतो. खोबरेल तेल मात्र वापरू नये. पुण्या-नाशकाच्या थंडीत ते गोठते आणि लाट हलायची थांबते. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे. झाकणाच्या आट्यांना मोठ्या माणसाने पक्का डिंक लावून ते बंद करावे आणि वरून टेप गुंडाळावी.

जे वर्गात येऊच नये

पाण्यात फुगणारे जेलीचे मणी ‘समुद्राचा तळ’ म्हणून परातीत ओतले जातात, आणि ते पाहायला सुंदर दिसतात. मुलाने एखादा मणी गिळला तर तो पोटात फुगून आतडे बंद करू शकतो. त्यामुळे लहान मुलांसाठी ते कोणत्याही वयाला, कितीही देखरेखीत मला मान्य नाहीत. त्याऐवजी भिजवलेला साबुदाणा किंवा निळा रंगवलेला तांदूळ घ्यावा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू देऊ नये. कवड्या, मोती आणि फिरते डोळे सगळे त्यात आले.

चमकी हे बहुधा प्लास्टिकचेच बारीक कण असतात आणि ते धुतल्यावर गटारातून शेवटी समुद्रातच जातात. कासवाच्या गोष्टीनंतर चमकीने कासव सजवणे हा विरोधाभास मुलांना नंतर समजतो आणि तो त्यांच्या लक्षात राहतो. जिवंत प्राणी असलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलू नयेत. प्रवाळांना आणि शंखांच्या कित्येक जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. रिकामा दिसणारा शंखही क्षणभर हातात धरून पाहावा, कारण आत शंखवासी खेकडा असू शकतो.

पुस्तक वाचताना

चित्रपुस्तकात देवमासा एका पानावर आणि खेकडा दुसऱ्या पानावर सारख्याच आकाराचे असतात, त्यामुळे मुलांना ते तेवढेच वाटतात. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत लांब असू शकतो. तेवढी सुतळी मोजून अंगणात अंथरावी आणि मुलांना टोकापासून टोकापर्यंत चालायला लावावे. ऑलिव्ह रिडलेसाठी 70 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. ही सुतळी पुस्तकाजवळच गुंडाळून ठेवावी, मुले ती पुन्हा पुन्हा मागतात. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर बसलेले दिसले, तर अस्वल उत्तर ध्रुवाकडे आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धात राहतात हे तिथल्या तिथे सांगावे.

वाचनातली मोठी चूक म्हणजे प्रत्येक पानावर परीक्षा घेणे. ‘हा कोण? रंग कोणता? किती?’ असे तीन प्रश्न झाले की मूल पुस्तक मिटते. त्याऐवजी ‘हा कुठे निघाला असेल?’ असे विचारून थांबावे, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी पान उलटू नये. प्लास्टिकने जखमी झालेल्या प्राण्यांची चित्रे चार वर्षांच्या मुलाला एकट्याने पाहायला देऊ नयेत. ती पाहिलीच तर लगेच हाताला काम द्यावे, म्हणजे बाटल्या वेगळ्या ठेवणे किंवा शाळेचा कोपरा झाडणे.

शेवटची अडचण कोकणातली आहे आणि ती कोणत्याही तयार कृतीत लिहिलेली नसते. डिंकावर मीठ टाकून त्यावर रंग सोडण्याचे चित्र डिसेंबरात सुरेख होते. तेच चित्र जूनमध्ये भिंतीवर लावले की मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, रंग खाली ओघळतात आणि आठवडाभरात कागदावर बुरशी धरते. पावसाळ्यात मिठाऐवजी कोरडा रवा चिकटवावा, आणि मिठाची चित्रे दिवाळीच्या सुट्टीनंतर करावीत.