युनिसायकलचं हँडल कोणत्या हाताने धरायचं?

या एकचाकी सायकलच्या सीटच्या पुढच्या टोकाला जे हँडल असतं, ते उजव्याने धरायचं की डाव्याने, असा ठरलेला नियम नाही. सायकलवर चढताना सीट ज्या हाताने धरता, तोच हात हँडलवर राहू द्या. पकड बदलायची भानगड उरत नाही. दुसरा हात हवेत मोकळा हवा, तोल तोच सांभाळतो.

ब्रेक असेल तर मात्र आधी लिव्हर बघा. ती बहुधा सीटखाली, हँडलजवळच असते आणि हँडल धरलेल्या हाताच्या एकाच बोटाने दाबायची असते. बोट अवघडत असेल तर हात बदलण्याआधी लिव्हर थोडी सरकवून बघा.

चढावर हँडल वर ओढलं की पेडलवर जोर वाढतो. पण एकाच हाताने ओढताना खांदा वळतो आणि चाक एका बाजूला जायला लागतं. (लोक उगाच टायरला दोष देतात.) म्हणून सपाट रस्त्यावर, ब्रेकची गरज नसेल तिथे, दुसऱ्या हाताचीही सवय करा. सुरुवातीला अगदी नवशिक्यासारखं डगमगायला होईल. मूठ घट्ट आवळू नका, बोटं नुसती अडकवली तरी पुरतं.