‘ब्लू’ दिसला की लगेच ‘निळा’ लिहू नका

गेल्या नवरात्रात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर नऊ रंगांची यादी आली. त्यात एका दिवसाला नुसतं ‘रॉयल ब्लू’. त्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये पाहिलं, तर एकीची साडी दौतीतल्या शाईसारखी, दुसरीची आकाशी, तिसरी चक्क मोरपंखी नेसून आलेली. तिघीही आपलाच रंग बरोबर म्हणून ठाम. ग्रुप फोटो पेंटच्या दुकानातल्या शेडकार्डासारखा आला.

साडीत चूक झाली तर फोटोच बिघडतो. मजकुरात अर्थ बिघडतो. भाषांतराच्या सुरुवातीच्या दिवसांत एका कथेतल्या ‘ही वॉज फीलिंग ब्लू’चं मी ‘तो निळा पडला होता’ असं करून ठेवलं होतं. मराठीत माणूस निळा पडतो तो साप चावल्यावर. संपादकबाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘विष कुणी घातलं?’ तेव्हापासून ‘ब्लू’ समोर आला की मी पुढच्या क्रमाने जाते.

आधी हा रंग आहे का ते बघा

सोपी कसोटी आहे. ‘ब्लू’च्या जागी ‘रेड’ घालून वाक्य वाचा. ‘ब्लू शर्ट’चा ‘रेड शर्ट’ केला तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे तो रंगच. ‘आय अ‍ॅम फीलिंग रेड’ कुणी म्हणत नाही, म्हणजे तिथे ‘ब्लू’ दुसरंच काही सांगतोय. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागतं.

रंग नसेल तर अर्थाचं घर शोधा

पहिलं घर मनाचं. ‘फीलिंग ब्लू’ म्हणजे उदास, खिन्न, कशातच मन न लागणं. ‘मंडे ब्लूज’ म्हणजे सोमवारी सकाळी येणारा कंटाळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांमध्ये जन्मलेलं ‘ब्लूज’ संगीत मात्र भाषांतर न करता तसंच ठेवावं.

दुसरं घर आकाशाचं. इथे ‘ब्लू’च्या आधी ‘द’ असतो, ती खूण. ‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना. ‘बोल्ट फ्रॉम द ब्लू’ म्हणजे निरभ्र आभाळातून कोसळलेली वीज. बातमी वाईट असेल तर हा दुसरा वापरा. नुसता जुना मित्र दारात उभा राहिला असेल तर पहिला पुरे.

तिसरं घर जरा आडोशाचं. ‘ब्लू जोक’ म्हणजे चावट विनोद, आणि ‘ब्लू फिल्म’ काय ते सांगायची गरज नाही. गंमत अशी, की आपल्याकडे या खात्यावर हिरवा रंग बसलाय. ‘म्हातारा भारी हिरवट आहे’ हे ऐकून इंग्रज माणसाला तो पर्यावरणवादी वाटेल.

वाक्प्रचार आला तर अख्खा बदला

शब्दाला शब्द लावून इथे फार थोड्या वेळा निभतं. ‘ब्लॅक अँड ब्लू’ हा त्यातला एक. मारून काळानिळा करणं दोन्ही भाषांत आहे आणि रंगांचा क्रमही तोच. बाकी ठिकाणी आपलं भांडार उघडावं. ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’ म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. ‘टिल आय वॉज ब्लू इन द फेस’ म्हणजे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, उपयोग शून्य. ‘ब्लू-आइड बॉय’ म्हणजे साहेबांच्या गळ्यातला ताईत. मूळ इंग्रजीतला टोमणाही त्यात येतो. त्याच्या डोळ्यांच्या रंगाशी काही संबंध नाही. घारा असो नाहीतर काळा.

‘वन्स इन अ ब्लू मून’ला मराठीत ‘सठीसामाशी’इतका चपखल दुसरा शब्द नाही. ‘अमावस्या-पुनवेला’ही चालेल. पण हा ‘ब्लू मून’ असतो काय? एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हे नाव. चंद्र निळा दिसत नाही, नेहमीसारखाच असतो. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात साधारण ३५४, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट साठत जाऊन अडीच-तीन वर्षांनी एक जादा पौर्णिमा पदरात पडते. आपला अधिक मासही याच हिशेबातून येतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये दोन्ही जुळून आले: पहिली पौर्णिमा अधिक श्रावणाची, दुसरी निज श्रावणाची, म्हणजे नारळी पौर्णिमा. त्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रं ‘ब्लू मून’ म्हणत होती आणि आमच्याकडे नारळीभात शिजत होता.

जोडशब्दामागची वस्तू आठवा

वस्तू डोळ्यांसमोर आली की अर्थ पाठ करावा लागत नाही. ‘ब्लूप्रिंट’ घ्या. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने सायनोटाइप ही छपाईची रीत शोधली. तिच्यात कागद निळा होतो आणि रेषा पांढऱ्या उमटतात. इमारतींचे नकाशे पुढे वर्षानुवर्षं असेच निघत, म्हणून आज कुठलाही तपशीलवार आराखडा ‘ब्लूप्रिंट’. ‘ब्लू-कॉलर’ आला कामगारांच्या निळ्या सदऱ्यावरून. ‘ब्लू चिप’ आला पोकरच्या डावातल्या सगळ्यात जास्त किमतीच्या सोंगटीवरून. शेअरबाजाराने जुगाराचा शब्द उचलावा यात मला काही वावगं वाटत नाही. ‘ब्लू ब्लड’ स्पेनमधून आला: उन्हात न राबणाऱ्या उमरावांच्या गोऱ्या कातडीखालून शिरा निळ्या दिसत. मराठीत ‘खानदानी’ म्हणा, निळ्या रक्ताचा म्हणू नका.

राजकारणात आधी देश कोणता ते बघा. अमेरिकेत ‘ब्लू’ म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष, ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष. महाराष्ट्रात निळा झेंडा म्हटलं की आंबेडकरी चळवळ, तिथे खुलासा लागत नाही.

आता छटा निवडा

खरोखर रंगच असेल तर समानार्थी शब्द घ्यायला हरकत नाही, पण एकाच्या जागी दुसरा टाकू नये. ‘स्काय ब्लू’ आणि ‘अ‍ॅझ्युअर’ दोन्ही आकाशी. पहिला शर्टाला, दुसरा कवितेला; ‘अ‍ॅझ्युअर बनियन’ हसू आणेल. ‘टर्क्वॉइज’ म्हणजे फिरोजी, दोन्ही नावं एकाच खड्याची. ‘टील’ला साडीच्या दुकानात ‘रामा’ म्हणतात. ‘नेव्ही ब्लू’ काळ्याकडे झुकणारा, ब्रिटिश नौदलाच्या गणवेशाचा. तिथल्या अधिकाऱ्यांना तो १७४८ मध्ये मिळाला. ‘इंडिगो’ म्हणजे नीळ, आणि त्या शब्दात तर आपला देशच बसलाय: ग्रीक-लॅटिन लोक त्या रंगाला ‘भारतातला’ असंच म्हणत. रसायनशास्त्रातलं ‘अ‍ॅनिलीन’ही संस्कृत ‘नील’वरूनच, अरबीमार्गे फिरून आलेलं. पैठणीतला ‘चिंतामणी’ मात्र इंग्रजीत एका शब्दात मावत नाही. तिथे सरळ ‘चिंतामणी’ लिहावं आणि सोबत साडी दाखवावी.

गडद-फिकट सांगताना ‘डार्क’, ‘डीप’, ‘लाइट’, ‘पेल’ हे शब्द लावा. ‘फेंट ब्लू’ आपण दुकानात सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत ‘फेंट’ म्हणजे जेमतेम दिसणारा. थोडीशीच झाक असेल तर ‘ब्लुइश’, म्हणजे निळसर.

आणि ‘रॉयल ब्लू’? नेव्हीपेक्षा उजळ, आकाशीपेक्षा बराच गडद, हिरव्याची झाक अजिबात नाही. यंदा यादी ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आहे. नावापुढे साडीच्या पदराचा फोटो जोडणार आहे.