सरकारी संगणकीकरणावर देखरेख ठेवताना या चुका टाळा

कॅनडा सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी ‘फिनिक्स’ ही नवी प्रणाली २४ फेब्रुवारी २०१६ रोजी ३४ विभागांत सुरू केली, २१ एप्रिलला उरलेल्या ६७ विभागांत. कुणाला पगारच मिळेना, कुणाला जास्त, कुणाला कमी. जून २०१७ पर्यंत चुकलेल्या पगाराची निस्तरायची राहिलेली रक्कम सुमारे ५२ कोटी डॉलरवर गेली. महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाने बोट ठेवलं ते देखरेखीवर.

सगळ्यात महाग पडली ती काटछाट. २०१२ मध्ये प्रणाली बांधणाऱ्या आयबीएम कंपनीने २७.४ कोटी डॉलर लागतील असं सांगितलं, मंजुरी होती १५.५ कोटींची. वाढीव निधी मागायचं सोडून प्रकल्प अधिकाऱ्यांनी कामं वगळली, प्रकल्पावरची माणसं कमी केली, वेळापत्रक आवळलं. वगळलेल्यांत मागील तारखेपासूनच्या फरकाचा हिशेबही होता. महाराष्ट्र सरकारच्या ‘सेवार्थ’ या पगार प्रणालीत महागाई भत्त्याचा फरक काढणाऱ्याला यातला धोका वेगळा सांगायला नको.

म्हणून काम वगळण्याचा प्रस्ताव समोर आला की तीन आकडे मागा: ते हाताने कोण करणार, एका प्रकरणाला किती वेळ, महिन्याला किती प्रकरणं. वीस मिनिटांची ६,००० प्रकरणं म्हणजे २,००० तास. एका माणसाचे महिन्याला १४० तास धरले तर १५ माणसं लागतात. ती नेमल्याचा आदेश फाइलला लागल्याशिवाय सही करू नका.

कॅनडात उलट घडलं. प्रणाली सुरू होण्याआधीच ४६ विभागांतली पगार पाहणारी १,२०० पदं गेली, त्यांच्या जागी मिरामिची शहरातल्या एकत्रित पगार केंद्रात ५५०. जुनी माणसं निदान नवी प्रणाली स्थिरावेपर्यंत हलवू नयेत, कारण नियमांतल्या खाचाखोचा त्यांच्याच डोक्यात असतात.

जून २०१५ मध्ये एका विभागातला पायलटही, म्हणजे सगळीकडे सुरू करण्याआधी छोट्या प्रमाणावर घ्यायचा प्रयोगही, रद्द झाला. पायलट वाचवता येत नसेल तर सुरुवातीची तारीख पुढे ढकला. जुनी आणि नवी प्रणाली किमान तीन पगार शेजारी-शेजारी चालवा आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचा हातात पडणारा पगार पैशापर्यंत जुळवा. साधी प्रकरणं जुळतातच, मुद्दाम अवघड घ्या: १२ तारखेपासून वरच्या पदाचा कार्यभार, त्याच महिन्यात तीन दिवस बिनपगारी रजा, वर मागील तारखेची वेतनवाढ. हे हाताने मांडा आणि नव्या प्रणालीचं उत्तर पडताळा. नापास झालेली चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा घेतली का, हेही विचारा.

प्रकल्प चालवणाराच ‘सगळं ठीक’ असा अहवाल देत असेल तर देखरेख समितीला खरी स्थिती कळणार कशी? कॅनडात विभागप्रमुखांपर्यंत स्वतंत्र तपासणीचा अहवाल पोचलाच नाही. तपासनीस विभागप्रमुखाने नेमावा आणि त्याने थेट त्यालाच कळवावं. प्रगती रंगांनी दाखवणारा हिरवा-पिवळा-लाल तक्ता बाजूला ठेवून उघड्या त्रुटींची कच्ची यादी मागवा. किती त्रुटींवर काम थांबवायचं, तो आकडा तारीख जवळ येण्याआधीच लेखी ठरवा.

घोळ झालाच असेल तर जिथे पगार शून्य आहे ती प्रकरणं आधी घ्या आणि त्यांना त्याच दिवशी अग्रिम द्या. जास्त गेलेल्या रकमेची वसुली हिशेब पक्का होईपर्यंत थांबवा. बाकीच्या तक्रारी आल्या त्या क्रमाने न घेता कारणानुसार लावा, म्हणजे एक नियम दुरुस्त केला की त्या गठ्ठ्यातली सगळी प्रकरणं एकदम सुटतील.