कुडकुडत्या सकाळी पोरांना घरातच कसं पळवायचं

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा पारा बरेचदा 10 अंशांखाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी घामही येतो. म्हणजे पोराला दिवसभर घरात कोंडायची गरज आपल्याकडे नसतेच. अडचण असते ती सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी 11 ते 4 अंगणात मोकळं सोडा. गच्चीला कठडा असेल तर गच्चीही चालेल, पण एक मोठं माणूस सोबत हवंच. खालचं सगळं उरलेल्या दोन वेळांसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलेलं प्रमाण असं: 1 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनी त्यातली 60 मिनिटं चांगला दम लागेल असं खेळावं. आकडा ऐकून घाबरू नका. दुपारचं अंगण बराच भाग उरकतं. सकाळी 20 मिनिटं आणि संध्याकाळी 30 मिनिटं घरात मिळाली तरी खूप, तीही पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत. या वयात एक खेळ त्याहून जास्त टिकत नाही. ताणला की रडारड ठरलेली.

आधी पाय बघा. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून पळणारं पोर हमखास घसरतं. शहाबादीवर अनवाणी पळवावं तर फरशी बर्फासारखी गार. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मिळतात, ते घ्या; नाहीतर सतरंजी अंथरा. नुसती अंथरलेली सतरंजीही सरकते, म्हणून तिचं एक टोक पलंगाच्या पायाखाली दाबा. कपड्यांचं म्हणाल तर एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे. पोराचे हात गार लागले म्हणजे त्याला थंडी वाजतेच असं नाही. मानेमागे हात लावून पाहा. तिथे ओलसर लागलं तर वरचा थर लगेच काढा. घामाने भिजलेला सदरा अंगावरच गार झाला की पोर कुडकुडायला लागतं, आणि आजी आणखी एक स्वेटर चढवते.

आता मुख्य खेळ: घरातली वाट. 10 बाय 12 फुटांची खोली पुरते. टीपॉय, खुर्च्या, इस्त्री, चार्जरच्या वायरी बाहेर काढा. दोन गोधड्यांच्या घट्ट वळकट्या करून दोन-अडीच फुटांवर आडव्या ठेवा, त्या ओलांडायच्या. पुढे जेवायचा लाकडी पाट, त्यावर चढून उतरायचं. डगमगत असेल तर खाली ओलं फडकं पिळून घाला, पाट जागचा हलत नाही. मग बाजेखालून रांगत पलीकडे. त्याआधी बाजेखाली हात फिरवून खिळा, काच, पावशी (विळी) तर नाही ना ते पाहा. शेवटी खडूने आखलेल्या आठ फुटी रेषेवरून टाचेला पंजा लावत चालायचं. अशा चार फेऱ्या झाल्या की पोर धापा टाकतं. दुसऱ्या दिवशी तीच वाट उलटी करा, नाहीतर तिसऱ्या फेरीला कंटाळतात.

शहाबादीचा एक फायदा आहे. सांधे आयतेच आखलेले असतात, तेव्हा तळ्यात-मळ्यातला खडूसुद्धा लागत नाही. दोन वर्षांचं पोर दोन्ही पाय एकदम उचलायला नुकतं शिकत असतं. त्याला उडी मारता आली नाही तर पाऊल टाकू द्या, बाद करू नका. लंगडी चार-साडेचार वर्षांच्या आधी बहुतेकांना जमत नाही. तोवर एका पायावर उभं राहून पाच अंक मोजू देणं पुरे. तीन आणि सहा वर्षांची भावंडं असतील तर शर्यत लावूच नका, धाकटं प्रत्येक वेळी हरून बसतं. मोठ्याला पंच करा.

चेंडू घरचाच. जुन्या मोज्यात मूठ-दोन मुठी रुई भरून तोंड शिवून टाका. टीव्हीला लागला तरी काही फुटत नाही. रुई घट्ट भरायची, नाहीतर दोन दिवसांत त्याचा चपटा गोळा होतो. पाच फुटांवर बादली ठेवून नेम धरायला लावा. चिंचोके, वाल, शेंगदाणे, न फुगवलेले फुगे लहान मुलांच्या हाताशी नकोत, घशात अडकतात.

कामाचाही खेळ होतो, आणि आमच्या मते तोच सगळ्यात टिकतो. अर्धा किलो ज्वारीची पिशवी ओसरीतून स्वयंपाकघरात पोहोचवायची, मग डाळीची, मग लसणाची. तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी किलोपेक्षा जास्त देऊ नका. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी तिंबू द्या. भरिताची वांगी भाजायची असतील तेव्हा मात्र पोरांना तिथून लांबच ठेवा.

दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवणं हा या दिवसांतला सगळ्यात मोठा धोका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांत पाणीही येत नाही. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. पोरं खेळताहेत तिथे शेगडी नको, आणि झोपायच्या खोलीत तर मुळीच नको. हालचालीने अंग आपोआप गरम होतं, तेव्हा एक खिडकी बोटभर उघडी राहिली तरी बिघडत नाही.

थंडीत पोरं पाणी मागत नाहीत. दर खेळानंतर अर्धी वाटी कोमट पाणी हातात द्या. जेवणानंतर अर्धा तास उड्या नकोत. झोपायच्या तासभर आधी धावपळ थांबवा, नाहीतर दहा वाजता डोळे टक्क उघडे. थांबवायला शेवटचं काम ठरवून ठेवा: वळकट्या उलगडायच्या, दोघांनी दोन-दोन टोकं धरून झटकायच्या, घडी घालायची. धुळीने शिंकणारं पोर घरात असेल तर झटकणं दुपारी उन्हात उरका, रात्री फक्त घडी.