दहावीनंतर 18 वर्षांनी कॉलेजचा फॉर्म भरताना

कोल्हापुरात राजारामपुरीत मेस आहे माझी, दुपारी चाळीसेक ताटं आणि रात्री तेवढीच, निम्मी पोरं विद्यापीठातली. ती पोरं जेवता जेवता फॉर्म, हॉल तिकीट, बॅकलॉग असलं बोलायची आणि मी वाढता वाढता ऐकायचे, त्यातनंच हे खूळ डोक्यात शिरलं. 2001 ला दहावी झाले, अकरावीला अॅडमिशन घेतलं, दोन महिने कॉलेजला गेले आणि लग्न ठरलं. त्यानंतर डायरेक्ट 2019. आता बीए झालंय, एमएचं चालू आहे, आणि मेसमधे भाजी टाकायला येणाऱ्या दादांपासून ते जावेच्या बहिणीपर्यंत सगळे विचारत असतात की काकू कसं केलंत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

वयाचं आधी सांगते कारण सगळ्यांना तीच भीती. बीए, बीकॉमला वयाची वरची अट नाही. मला तरी कुठल्याच टेबलावर वय विचारलं नाही. कागद विचारला, सगळीकडं, आणि खरी शर्यत तीच आहे.

त्यातला पहिला कागद म्हणजे एलसी, शाळा सोडल्याचा दाखला. मला वाटत होतं दहावीची मार्कलिस्ट आहे म्हणजे झालं. पण मी अकरावीला नाव घातलं तेव्हा ओरिजिनल एलसी त्या ज्युनिअर कॉलेजात जमा केली होती आणि परत घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं, घरात तर लग्नाची गडबड. 18 वर्षांनी गेले तर तिथले क्लार्क म्हणाले, "ताई, जुनी रजिस्टरं वरच्या खोलीत आहेत, पुढच्या आठवड्यात या." असे पुढचे आठवडे चार झाले. शेवटी मीच म्हटलं की मी बसते, तुम्ही रजिस्टर द्या, शोधते, आणि धूळ झाडत माझं नाव मीच काढलं. तर ज्यांनी अकरावी अर्धवट सोडलीय त्यांनी हे ध्यानात ठेवा, तुमचा दाखला शाळेत नसतो, जिथं शेवटचं नाव होतं तिथं असतो. हरवलाच असेल तर डुप्लिकेट मिळतो, प्रतिज्ञापत्र करावं लागतं, वेळ जातो. म्हणून फॉर्म सुटायच्या आधी तीन-चार महिने हे काम सुरू करा.

मग 17 नंबरचा फॉर्म. कॉलेजला न जाता खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसायचं तर स्टेट बोर्डाचा हा फॉर्म भरायचा. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली लागतात, माझी तर अठरा झालेली. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यात आपल्या जवळचं एक कॉलेज निवडायचं आणि प्रिंट, ओरिजिनल कागद घेऊन तिथं जायचं. आपल्याकडं कोल्हापूर विभागीय मंडळ आहे, सांगली-सातारा पण त्यातच येतं. इथं खूप जणांची एक चूक होते बघा, 17 नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं समजून गप्प बसतात. तसं नाही. 17 नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचा फॉर्म नंतर त्याच कॉलेजातनं वेगळा भरायचा असतो, आणि तोंडी, प्रकल्प वगैरेचे मार्क पण तिथूनच जातात, म्हणून मधूनमधून तिथं चक्कर मारायची. माझ्याबरोबर फॉर्म भरलेली एक बाई ह्याच्यातच अडकली आणि तिचं वर्ष गेलं.

बारावीचा पेपर सकाळी अकराला आणि माझी पहिली पंगत बाराला, तर पेपरच्या दिवशी पहाटे चारला उठून भाजी-आमटी करून ठेवायचे, चपात्या नणंद लाटायची आणि पोरं स्वतःच वाढून घ्यायची. एका दिवशी आमटीत मीठच नव्हतं म्हणे, कुणी सांगितलं नाही मला, मार्च संपल्यावर कळलं.

ज्यांची बारावी नापास आहे त्यांनी 17 नंबर भरू नका, त्यांना रिपीटर म्हणून राहिलेल्या विषयांना बसता येतं. दुसरा रस्ता एनआयओएसचा, केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड. त्यांची परीक्षा वर्षातनं दोनदा असते, आणि जुन्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे मार्क तिकडं धरून घेतात. आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेला असेल तर उगाच बीएच्या मागं लागू नका, पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगला पण थेट दुसऱ्या वर्षाला. शिरोली एमआयडीसीतली बरीच पोरं ह्या वाटेनं गेलीत.

आता नावाचं, बायकांनी हे नीट वाचा. माझी मार्कलिस्ट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. 17 नंबर आणि पुढं बीएचा फॉर्म मी मार्कलिस्टवर आहे तसाच भरला आणि ते बरोबरच होतं. पण 2024 ला एमएला गेले तेव्हा अडकले. आता डिस्टन्सला प्रवेश घ्यायचा तर आधी एबीसी आयडी काढायचा, म्हणजे आपल्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं, त्यावरनं डेबच्या, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, पोर्टलवर डेब आयडी काढायचा, मगच अॅडमिशन. एबीसी आयडी निघतो डिजिलॉकरमधनं, म्हणजे आधारवरच्या नावानं, आणि माझ्या बीएच्या मार्कलिस्टवर दुसरंच नाव. शेवटी लग्नाचा दाखला लावून नावबदलाचं राजपत्र काढलं आणि त्याची झेरॉक्स तेव्हापासून प्रत्येक फॉर्मला जोडते. शिकायचं मनात आलं की पहिल्याच महिन्यात हे राजपत्राचं काम उरकून घ्या, पुढं फार डोकं खातं.

बीए मी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातनं केलं. पुस्तकं ते देतात, रोज जायची भानगड नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं पण कोल्हापुरात विभागीय केंद्र आहे, तोही पर्याय चांगला. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स करून बारावी न करताच बीए केलेली माणसं आपल्या भागात भरपूर आहेत, मला पण सगळ्यांनी तेच सुचवलेलं, कशाला बारावीचा व्याप म्हणून. मी ऐकलं नाही ते बरं झालं. कारण मला पुढं एलएलबी करायचंय आणि बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमात स्पष्ट आहे की दहावी-बारावीचा खालचा पाया नसताना थेट मुक्त विद्यापीठातनं घेतलेल्या पदवीवर लॉला प्रवेश नाही. भाजीवाल्या दादांचं तेच झालं, बीए आहे, मार्क पण चांगलेत, पण बारावी नाही. आता चाळिशीत 17 नंबर भरतायत. दहावी, बारावी, डिग्री, ही साखळी मधे तोडू नका, मग ती कुठल्या का बोर्डातनं असेना.

आणि वर्षात डिग्री देतो म्हणणारे एजंट भेटतील, बसस्टँडजवळच्या पोस्टरवर नंबर असतात त्यांचे. ज्या विद्यापीठाचं नाव सांगतील त्याला ह्या वर्षी त्या कोर्ससाठी मान्यता आहे का ते डेबच्या साइटवर आधी बघा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, लॉ हे डिस्टन्सनं होतच नाही, कुणी होतं म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

लॉची तीन वर्षांची सीईटी मी एमए झाल्यावर देणार आहे. ओपनला डिग्रीत 45 टक्के लागतात, एससी-एसटीला 40, निगेटिव्ह मार्किंग नाही, पेपर मराठीतनं पण देता येतो, फक्त इंग्रजीचा भाग इंग्रजीतच. हजेरी मात्र 70 टक्के लागते, म्हणजे मेसचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. नणंद म्हणते चपात्यांबरोबर भाजी पण ती बघेल, पण तिचा पण 17 नंबर भरलाय मी यंदा, आणि पेपर अकरालाच आहेत.