मुलांची उंची-वजन: या चुका टाळा

पालकसभेत गणिताचे मार्क विचारून झाले की पालक माझ्याकडे वळतात. पीटीच्या मॅडमकडे उंचीवर काहीतरी औषध असतं, असा सगळ्यांचा समज आहे. "मॅडम, हा वाढतच नाही हो." "मॅडम, ही जरा जास्तच भरलीय, काय बंद करू?" मी उलट विचारते, गेल्या जूनमध्ये किती होती? बहुतेकांना सांगता येत नाही. शेजारच्या मुलाची उंची मात्र तोंडपाठ असते.

नुसत्या आजच्या उंचीवरून आणि आजच्या वजनावरून मला काही कळत नाही. वर्षभरात किती फरक पडला ते सांगा, मग बोलू. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हे न पाहिल्यामुळे होतात.

उंची अंदाजपंचे मोजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बूट घालून मोजतात, डोक्यावरच्या अंबाड्यासकट मोजतात. "कोणाची किती रे?" असं वर्गात विचारून रकाना भरणारेही पाहिलेत. पोरंही काही कमी नाहीत, मित्रापेक्षा उंच भरायचं म्हणून हळूच टाचा उचलतात.

एका शाळेत तर भलताच प्रकार झाला. मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या कोब्यावर टाइल्स बसवल्या. भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेली उंचीची पट्टी होती तिथेच राहिली आणि खालची जमीन वर आली. जूनमध्ये मापं घेतली तर अख्खी शाळा उंच झालेली! सगळे खूश. "या वयात वाढतातच" म्हणून कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. मला खटकल्या त्या दहावीच्या मुली. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची साधारण 5 ते 7 सेंटिमीटरच वाढते, तीही बहुतेक पहिल्या दोनेक वर्षांत. या मुलींची पाळी सातवीतच सुरू झालेली, आणि त्या एका वर्षात चार-पाच सेंटिमीटर वाढल्या म्हणे. लोखंडी टेप जमिनीला टेकवून बघितली, तर पट्टीवरची 150 ची रेघ 146 वर.

सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. बाकीच्यांचं काही बिघडलं नव्हतं, पण सातवीतल्या एका मुलाचं होतं. पट्टीप्रमाणे तो वर्षात 5 सेंटिमीटर वाढला होता, म्हणजे ठीकच. खरी वाढ निघाली 1 सेंटिमीटर. वजन मात्र सहा किलोने चढलेलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नुसतं जास्त खाऊन जाड झालेलं मूल या वयात सहसा इतरांपेक्षा थोडं उंचही असतं. वजन चढतंय आणि उंची अडली आहे, असं दोन्ही एकदम दिसलं तर डब्यात बदल करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. या मुलाचा घरी भात बंद केला होता, शाळेत त्याला मैदानाच्या जादा फेऱ्या मारायला लावत होते, आणि तो दमून सावलीत बसला की आळशी ठरत होता. रक्त तपासल्यावर थायरॉइड कमी निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी त्याच्या पॅन्टी आखूड व्हायला लागल्या. पट्टीवर विश्वास ठेवून बसलो असतो तर आणखी एक वर्ष गेलं असतं.

माझी पद्धत साधी आहे. जून आणि जानेवारी, वर्षातून दोनदाच. टेप तीच, वेळ सकाळचीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सुमारे एक सेंटिमीटर कमी भरतो. मूल अनवाणी, केस मोकळे, टाचा-कुल्ले-पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, डोक्यावर पुस्तक काटकोनात. वजनाचा काटा कडक फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. दर आठवड्याला मोजणाऱ्या पालकांना मी हात जोडते. आठवड्यात फक्त पाणी आणि पोट कमीजास्त होतं.

मोठ्यांच्या ॲपवर मुलांचा बीएमआय काढणं

अकरा वर्षांची मुलगी, 140 सेंटिमीटर, 33 किलो. ॲप म्हणतं बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 17 च्या आत, म्हणजे अंडरवेट. आई लगेच तूप-बदामाच्या मागे. खरं तर या वयाला हा आकडा अगदी मधला आहे. उलट दहा वर्षांचा मुलगा, 138 सेंटिमीटर, 42 किलो, बीएमआय 22. ॲप म्हणतं नॉर्मल, आजी म्हणते गुटगुटीत, वयाच्या तक्त्यावर तो लठ्ठ आहे. 18.5 च्या खाली अंडरवेट, ही रेघ मोठ्यांसाठी आहे. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघूनच वाचायचा. त्यासाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 5 ते 18 वर्षांचे भारतीय मुलांचे तक्ते 2015 मध्ये सुधारून दिले आहेत आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर पुढे होते. आपल्या इथेच झालेलं काम सोडून कुठल्या तरी ॲपवर भरवसा ठेवायची घाई का, हे मला कळत नाही.

पावडरीचा डबा

"तीन महिन्यांत उंची" असं लिहिलेला डबा घेऊन आलेल्या पालकांशी मी वाद घालत नाही. फक्त आईवडिलांची उंची विचारते. दोन्ही उंचींची बेरीज करा, मुलासाठी त्यात 13 मिळवा, मुलीसाठी 13 वजा करा, मग दोनने भागा. वडील 170 आणि आई 153 असेल तर मुलगा 168 च्या, मुलगी 155 च्या आसपास जाईल, सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे. पावडरीने ते 180 होत नाही. दुधात घालायच्या गोड पावडरींचं तर 2024 मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन दुकानांना सांगितलं की त्या 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा. नववीतली मुलं जिमवाल्याच्या सांगण्यावरून प्रोटीनचा डबा आणतात, तेव्हा मी त्यांना आधी शाळेत आणलेला डबा उघडायला लावते. त्यात असतो वेफर्सचा पुडा. डाळ, उसळ, दही, अंडं, शेंगदाण्याची चटणी हे रोज खाल्लं की पुरतं, पण रोज खायचं म्हटलं की उत्साह मावळतो. दाराच्या चौकटीला लटकूनही उंची वाढत नाही. दंड मजबूत होतात, तेवढं चांगलं.

भावंडांशी आणि मैत्रिणींशी तुलना

मुली आधी झपकन वाढतात, मुलगे त्यांच्यामागून साधारण दोन वर्षांनी. जोरात असताना मुली वर्षाला आठेक, मुलगे नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतात. सहावी-सातवीत मुली उंच दिसतात त्या यामुळेच. उशिरा वाढणाऱ्या मुलाला "ताई बघ कुठे गेली" म्हणणं बंद करा.

आणि याच्या बरोब्बर उलट प्रकार: आठवी-नववीतल्या मुली डबा परत नेतात आणि "भूक नव्हती" सांगतात. वाढीच्या ऐन वर्षांत त्या एका जेवणाला फाटा देतात, पाळी सुरू झाल्याने लोहही जातं, आणि मग प्रार्थनेला चक्कर. घरात कुणी गमतीने "जाडे" म्हणत असेल तर आधी त्यांना गप्प करा.

बाकी किरकोळ. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी दिली की मळमळतं आणि घरी गोळीच बदनाम होते. जेवल्यावर द्या, वर चहा नको. शौच काळसर झाली तर घाबरू नका. जंताची गोळी चुकवू नका. शाळेभोवती 50 मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा नियम आहे. आमच्याकडे गाडी एक्कावन्नाव्या मीटरवर उभी राहते.

झोपेबद्दल मात्र मी चिडते. तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते. क्लास नऊला सुटतो, बारापर्यंत मोबाइल, शाळा सातची. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, छान केलं. पण झोपेची वेळ पुढे सरकते ती वयात येताना, आणि तीच पोरं पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून असतात. शिवाय पीटीचा तास गणिताला दिलेला. रोज 60 मिनिटं घाम येईल इतकं खेळायला हवं, आणि आम्हाला आठवड्यात दोन तास मिळतात, तेही पोर्शन पूर्ण झाला असेल तर.

"दहावी होऊ दे, मग दाखवू"

हे ऐकलं की मी पालकांना बसवून घेते. हाडांची वाढीची टोकं एकदा जुळली की उंचीवर कुठलाही उपाय चालत नाही, आणि मुलींची दहावीपर्यंत बहुधा जुळत आलेली असतात. म्हणून वयात येण्याआधी वर्षाला 4 सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली तर लगेच दाखवा. मुलीला आठच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत वयात येण्याची चिन्हं दिसली तरी दाखवा. तेराव्या वर्षापर्यंत मुलीत, चौदाव्यापर्यंत मुलात काहीच चिन्ह नाही किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तरीही. जाड मुलाच्या मानेची मागची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे. बेसन-लिंबाने घासू नका, ती शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची खूण असते. उंचीसाठी गेलात तर हाडांची टोकं किती जुळलीत ते बघायला डॉक्टर बहुधा डाव्या मनगटाचा एक्सरे सांगतील. जाताना गेल्या दोन-तीन वर्षांची तारखेसकट मापं सोबत न्या, नाहीतर तेही आधी सहा महिने थांबून पुन्हा मोजायलाच सांगतील.